जुना संगणक आणि नवे खेळ : खर्च करण्यापूर्वीचा अभ्यास

शिलाईयंत्र, सायकल किंवा विहिरीवरील विजेचा पंप ही यंत्रे झिजल्यामुळे जुनी होतात. संगणकाची गोष्ट निराळी आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी खरेदी केलेला संगणक, धूळ व उष्णता यांपासून जपला असेल तर, आजही पहिल्या दिवसाच्याच वेगाने आकडेमोड करतो. बदललेले असते ते त्याच्यापुढे टाकण्यात येणारे काम. पत्र टंकलिखित करणे, दाखला छापणे, हजेरीपट भरणे अशा कामांत हा बदल सावकाश जाणवतो. खेळांच्या बाबतीत मात्र तो एका दिवसात जाणवतो. काल चालत असलेला खेळ आज उघडतच नाही.

विषय वरवर पाहता करमणुकीचा आहे. परंतु त्यामागे कुटुंबाच्या खर्चाचा प्रश्न आहे. "संगणक जुना झाला, नवा घेऊ या," असा आग्रह घरातील मुले धरतात, दुकानदार त्यास दुजोरा देतो आणि एका हंगामाची शिल्लक यंत्रावर खर्ची पडते. याच्या उलट प्रकारही घडतो. कोणीतरी सांगितले म्हणून एखादा महागडा सुटा भाग आणून बसविला जातो आणि संगणक होता तेथेच राहतो. अशा वेळी पालक सल्ला विचारावयास बहुधा शाळेतील शिक्षकांकडे किंवा ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाकडे येतात. त्यांना हा सल्ला हिशेबाने देता यावा, यासाठी येथे एका विशिष्ट संगणकाचे उदाहरण घेऊन विचार केला आहे. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ येथे अभिप्रेत नाहीत. असे खेळ चालविण्यास व त्यांची जाहिरात करण्यास संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने मनाई केली आहे.

मागणी का वाढते?

'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह' हा खेळ ऑगस्ट २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी किमान २ जीबी रॅम आणि १५ जीबी जागा पुरेशी मानली जाई. २७ सप्टेंबर २०२३ रोजी त्याची जागा 'काउंटर-स्ट्राइक २' ने घेतली. नव्या खेळास किमान ८ जीबी रॅम, ८५ जीबी जागा आणि एकाच वेळी चार धाग्यांवर काम करू शकणारा प्रोसेसर लागतो. ३२-बिट प्रणालीवर तो चालत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नवा खेळ जुन्याच्या शेजारी आला नाही, तर त्याच्या जागी आला. ४ जीबी रॅमच्या संगणकावर जे वर्षानुवर्षे खेळत होते, त्यांच्या यंत्रात कोणताही बिघाड झालेला नसताना त्यांचा खेळ थांबला.

दुसरे उदाहरण 'सायबरपंक २०७७' या खेळाचे. डिसेंबर २०२० मध्ये तो ८ जीबी रॅम व साध्या हार्ड डिस्कवर चालेल असे निर्मात्यांनी जाहीर केले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच खेळाची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा किमान अट १२ जीबी रॅम आणि एसएसडी अशी झाली. नाव तेच, पैसे एकदाच भरलेले; परंतु तीन वर्षांच्या आत उंबरठा वर चढला.

या वाढीचे एक मोठे कारण दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या यंत्रांत, म्हणजे गेमिंग कन्सोलमध्ये, सापडते. मोठे खेळ प्रथम त्या यंत्रांच्या क्षमतेनुसार रचले जातात आणि मग संगणकासाठी सिद्ध होतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी स्मृती आणि साधी हार्ड डिस्क होती. पुढील सात वर्षे बहुतेक खेळ तेवढ्या क्षमतेत बसविले गेले, म्हणून २०१४ च्या सुमारास घेतलेला मध्यम प्रतीचा संगणकही दीर्घकाळ तग धरू शकला. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी स्मृती, आठ गाभ्यांचा प्रोसेसर आणि अतिवेगवान एसएसडी आली. निर्मात्यांनी जुन्या यंत्रांसाठी खेळ काढणे जसजसे सोडले, तसतशी संगणकावरील किमान अट एकाएकी उंचावली. जुन्या संगणकाचे आयुष्य सावकाश न उतरता पायरीपायरीने का उतरते, याचा उलगडा यातून होतो.

उदाहरणादाखल एक यंत्र

२०१४ च्या सुमारास आपल्याकडील घरांत आणि लहान कार्यालयांत जुळणी करून घेतलेले जे संगणक आले, त्यांचा एक सर्वसाधारण नमुना असा : इंटेल कोअर आय३-४१३० हा प्रोसेसर, एच८१ जातीचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर-३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क, आणि चित्रे रेखाटण्यासाठी प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली एचडी ४४०० ही ग्राफिक्स यंत्रणा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. सोबत कॅबिनेटबरोबरच मिळालेला एसएमपीएस, म्हणजे घरातील विजेचे संगणकास लागणाऱ्या विजेत रूपांतर करणारा डबा. आपल्याकडे या सबंध पेटीलाच 'सीपीयू' म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे 'सीपीयू बदला' असा सल्ला मिळाला की पेटी बदलावयाची की आतील प्रोसेसर, याबाबत घोटाळा होतो. या लेखात प्रोसेसर म्हणजे आतील चिप एवढाच अर्थ घेतला आहे.

हा प्रोसेसर दोन गाभ्यांचा असला तरी चार धागे हाताळतो. त्यामुळे 'काउंटर-स्ट्राइक २' ची प्रोसेसरविषयक किमान अट हे यंत्र पूर्ण करते. रॅमची करीत नाही. म्हणजेच येथे संगणक जुना झाला, हे म्हणणे अपुरे आहे. त्याचा नेमका कोणता भाग अपुरा पडतो, हे विचारावयास हवे.

पैशाने न ओलांडता येणाऱ्या भिंती

सुट्या भागांची चौकशी करण्यापूर्वी हव्या असलेल्या खेळाची अटींची यादी वाचावी. त्यांतील काही अटी अशा असतात की, त्या पूर्ण न झाल्यास खेळ हळू चालत नाही, तर मुळीच चालत नाही.

डिसेंबर २०२४ मधील 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ मधील 'डूम : द डार्क एजेस' या खेळांना प्रकाशकिरणांचा मार्ग आकडेमोडीने काढणारी खास यंत्रणा ग्राफिक्स कार्डातच असावी लागते. ती नसलेले कार्ड कितीही जपून वापरले असले तरी येथे निरुपयोगी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या 'बॅटलफील्ड ६' ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षाव्यवस्था लागते. विंडोज ११ वर 'व्हॅलोरंट' चीही हीच अट आहे. २०१४ च्या स्वस्त मदरबोर्डवर टीपीएम २.० सहसा नसतो. प्रोसेसरच्या बाबतीतही अशा भिंती आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेला 'फार क्राय ४' केवळ दोन धाग्यांच्या प्रोसेसरवर काळा पडदा दाखवून थांबत असे. त्याच पिढीतील पेंटियम व सेलेरॉन प्रोसेसरांमध्ये एव्हीएक्स-२ हा आज्ञासंच नाही, कोअर मालिकेत तो आहे. काही नवे खेळ नेमका तोच मागतात. दोन संगणक एकाच वर्षीचे, दिसावयास सारखे, आणि तरीही एक सुधारण्याजोगा व दुसरा नाही, असे यामुळे घडते.

शेवटची भिंत कार्यप्रणालीची. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षाविषयक सुधारणा मिळण्याची सोय ठेवण्यात आली. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो, आणि आपल्या उदाहरणातील प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे. अधिकृत नसलेल्या मार्गांनी विंडोज ११ चढवून देणारे कारागीर भेटतात. घरातील बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर होत असतील तर हा मार्ग धरू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लिनक्स हा विचार करण्याजोगा पर्याय होय. खेळांची विक्री करणाऱ्या स्टीम या व्यवस्थेने २०१८ मध्ये प्रोटॉन नावाचे साधन आणल्यापासून विंडोजसाठीचे पुष्कळ खेळ लिनक्सवर चालू लागले आहेत, आणि 'काउंटर-स्ट्राइक २' ची तर स्वतंत्र लिनक्स आवृत्तीच आहे. 'व्हॅलोरंट' मात्र लिनक्सवर चालत नाही. तेव्हा येथेही आधी खेळ कोणता, हेच विचारावे लागते.

अडलेले कोठे आहे?

भिंत आडवी येत नसेल तर दुसरा प्रश्न मोजमापाचा. खेळात पडद्यावर दर सेकंदाला जी चित्रे उमटतात त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम तयार करण्यास १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमवर समाधान मानले तर ३३.३. तेवढ्या अवधीत प्रोसेसरने खेळातील घडामोडी ठरवावयाच्या, लागणारी माहिती रॅममध्ये हजर असावयाची, आणि ग्राफिक्स यंत्रणेने चित्र रंगवून द्यावयाचे. पाटाचे पाणी शेवटच्या शेतात किती पोहोचेल हे पाटाच्या सर्वांत अरुंद जागेवर ठरते. इतरत्र पाट कितीही रुंद केला तरी उपयोग नाही. संगणकाचेही असेच आहे. म्हणून अरुंद जागा कोणती, हे आधी शोधावयाचे.

यासाठी एक पैसाही खर्च न होणारी परीक्षा आहे. फ्रेमसंख्या दाखविण्याची सोय स्टीमच्या मांडणीत आहे. ती चालू करून खेळातील एखाद्या ठरावीक ठिकाणची संख्या लिहून घ्यावी. मग खेळाच्या मांडणीत जाऊन पडद्याची रेखीवता १९२० × १०८० वरून १२८० × ७२० करावी. पहिल्या मापात २०,७३,६०० बिंदू रंगवावे लागतात, दुसऱ्यात ९,२१,६००. म्हणजे रंगकाम निम्म्याहून कमी होते. त्याच ठिकाणी फ्रेमसंख्या चांगली वाढली तर अडचण ग्राफिक्सची आहे. जेमतेम तेवढीच राहिली तर ग्राफिक्स कार्ड बदलून काही साधणार नाही, कारण अडलेला आहे तो प्रोसेसर, किंवा त्याला माहिती वेळेवर मिळत नाही.

यानंतर विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून दहा मिनिटे खेळ चालू ठेवावा. रॅम ९० टक्क्यांच्या वर आणि त्याच वेळी डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर रॅममध्ये न मावलेली माहिती डिस्कवर नेण्याआणण्यातच यंत्राचा वेळ जात आहे. खेळ अधूनमधून गोठतो आणि मग पुन्हा धावतो, ही त्याचीच खूण. प्रोसेसरचा एकूण आकडा मात्र फसवा असतो. चार धाग्यांपैकी एकच पूर्णपणे गुंतलेला आणि बाकीचे रिकामे असले तर एकूण आकडा २५ ते ३० टक्के दिसतो आणि पाहणारा प्रोसेसरला निर्दोष ठरवितो. आलेखावर उजवे बटण दाबून प्रत्येक धाग्याचा वेगळा आलेख पाहावा.

या मोजमापापूर्वी एक काम उरकून घ्यावे, ते म्हणजे सफाई. आपल्याकडील धुळीत दहा वर्षे राहिलेल्या संगणकाच्या पंख्याखालील पाती लोकरीसारख्या थराने बुजलेली असतात आणि प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप, ज्याला थर्मल पेस्ट म्हणतात, वाळून खडूसारखा झालेला असतो. ठरावीक तापमानापुढे प्रोसेसर जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. खेळ पहिली पाच मिनिटे बरा चालतो आणि नंतर मंदावतो, ही तक्रार पुष्कळदा येथेच मिटते. ब्लोअरने धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो भरधाव फिरू देऊ नये.

कोणता भाग, कोणत्या क्रमाने

खर्चाचे दोन भाग पाडून विचार केल्यास निर्णय सोपा होतो. काही भाग या यंत्राबरोबरच संपणारे आहेत. डीडीआर-३ रॅम नव्या मदरबोर्डवर बसत नाही. या पिढीचा प्रोसेसरही अन्यत्र बसत नाही. एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आणि चांगला एसएमपीएस हे मात्र उद्या घेतल्या जाणाऱ्या दुसऱ्या यंत्रात नेता येतात. सबब, येथेच राहणारे भाग वापरलेले व स्वस्त घ्यावेत. बरोबर नेता येणारे भाग शक्यतो नवे, पावती व हमीसह घ्यावेत. नवी कोरी डीडीआर-३ रॅम किंवा दहा वर्षांपूर्वीचा 'नवा' प्रोसेसर चढ्या भावाने घेण्यात अर्थ नाही.

आपल्या उदाहरणात पहिला मान रॅमचा आहे. एच८१ मदरबोर्डवर रॅमच्या दोनच खाचा असतात आणि एकूण १६ जीबीपर्यंत रॅम चालते. ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घालणे उत्तम. ते न जमल्यास ४ जीबीची आणखी एक पट्टी घालून निदान ८ जीबी करावी. दोन पट्ट्यांचा लाभ केवळ साठ्यापुरता नाही. डीडीआर-३ १६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माहिती देऊ शकते, दोन मिळून २५.६. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात चित्रांसाठीही हीच रॅम वापरली जात असल्याने हा फरक डोळ्यांना दिसतो. बाजारात काही अतिस्वस्त पट्ट्या केवळ एएमडीच्या मदरबोर्डवर चालणाऱ्या असतात. इंटेलच्या यंत्रात त्या ओळखल्याच जात नाहीत. दुकानातच लावून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

त्यानंतर एसएसडी. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीस एक फेरा पूर्ण करण्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचकाखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते, शिवाय वाचकदांडी सरकण्याचा वेळ वेगळा. एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंदच मिळतात हे आठवले, म्हणजे अशी दोन वाचने होताच वेळ संपतो, हे ध्यानात येईल. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने ही प्रतीक्षा मिलिसेकंदाच्या दशांशावर येते. जुन्या मदरबोर्डवर साटा जोडणीचीच एसएसडी घ्यावी. तिने फ्रेमसंख्या फारशी वाढत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु खेळ उघडण्यास लागणारा वेळ आणि मधले गोठणे खूपच कमी होते, आणि अभ्यासाच्या व कार्यालयीन कामातही यंत्र नवे झाल्यासारखे वाटते. मुलाने खेळ पूर्णपणे सोडला तरी हा खर्च वाया जात नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते, म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डास एसएमपीएसमधून वेगळी तार द्यावी लागते, आणि स्वस्त एसएमपीएसला ती नसते. त्यामुळे आपल्या यंत्रासाठी ७५ वॅटच्या आतील कार्डेच विचारात घ्यावीत. २०१९ मध्ये आलेले एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचे कार्ड त्यांत बसते; मात्र त्याचे काही प्रकार वेगळी तार मागतात, तेव्हा खोका नीट पाहावा. २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय देखील ७५ वॅटचेच आहे आणि वापरलेले स्वस्त मिळते, परंतु त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुरूप ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबविले असून ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षाविषयक सुधारणा देण्याचे जाहीर केले आहे. २०१७ चे जीटी १०३० हे केवळ ३० वॅटचे कार्ड त्याच पिढीतले. त्याच्या नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू विकल्या गेल्या. एकीची स्मृती जीडीडीआर-५ जातीची असून सेकंदाला ४८ जीबी माहिती देते. २०१८ मध्ये आलेली दुसरी डीडीआर-४ जातीची असून जेमतेम १६.८ जीबी देते. खोक्यावरील मोठे अक्षर दोन्हींवर एकच!

नवे ते अधिक चांगले, ही समजूतही येथे तपासून घ्यावी लागते. एएमडीची आरएक्स ६४०० व आरएक्स ६५०० एक्सटी ही २०२२ ची कार्डे मदरबोर्डशी केवळ चार वाहिन्यांनी बोलतात. आधुनिक मदरबोर्डवर त्या चार वाहिन्यांतून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते, परंतु एच८१ मदरबोर्ड जुन्या पीसीआय एक्स्प्रेस २.० पद्धतीचा असल्याने तेथे त्याच चार वाहिन्यांतून जेमतेम २ जीबी जाते. सोळा वाहिन्यांचे जुने कार्ड त्याच खाचेत ८ जीबी मिळविते. चांगल्या यंत्रात बरे चालणारे कार्ड जुन्या यंत्रात अडखळते ते यामुळे.

वापरलेली कार्डे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये विपुल मिळतात. इथेरियम या आभासी चलनाचे उत्खनन सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाल्यावर रात्रंदिवस राबविलेली पुष्कळ कार्डे जगभरच्या जुन्या बाजारांत आली; त्यांचे पंखे झिजलेले असण्याचा संभव गृहीत धरावा. जुन्या कार्डावर नव्याचे नाव नोंदवून विकण्याचा प्रकारही आहे. जीपीयू-झेड या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये अशी बनावट कार्डे ओळखण्याची सोय २०१८ पासून आहे. तो पेन ड्राइव्हवर बरोबर न्यावा. आणखी एक साधी गोष्ट : जुन्या मॉनिटरला व्हीजीए ही एकच जोडणी असते आणि आजच्या कार्डांना ती नसते. रूपांतर करणारी जोडणी वेगळी घ्यावी लागेल, हे घरी आल्यावर कळू नये.

एसएमपीएसवर '५०० वॅट' असे छापलेले असते, त्यावर जाऊ नये. लेबलावर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. १६ अँपिअर असतील तर १२ × १६ म्हणजे १९२ वॅट एवढीच त्या बाजूची खरी ताकद. आपल्या यंत्रात प्रोसेसर ५४ वॅटचा आणि कार्ड ७५ वॅटचे धरले, इतर भागांना ४० वॅट सोडले, तर १६९ वॅट होतात. दहा वर्षे जुन्या डब्यावर एवढा ताण ठेवणे धोक्याचे आहे. एसएमपीएस निकामी होताना एकटा जात नाही, मदरबोर्डासही सोबत नेतो. गावाकडील विजेचा दाब आणि नसलेले अर्थिंग पाहता या एका भागावर काटकसर करूच नये.

प्रोसेसरचा क्रम शेवटचा. 'काउंटर-स्ट्राइक २' प्रोसेसरवर बराच भार टाकतो. म्हणून रॅम व कार्ड बदलल्यावर अरुंद जागा सरकून प्रोसेसरपाशी येते. मदरबोर्ड तोच ठेवून त्यावर चार गाभे व आठ धाग्यांचा कोअर आय७-४७७० बसविता येतो. त्यास ८४ वॅट लागतात, म्हणजे वरील हिशेब ३० वॅटने वाढून १९९ होतो आणि १६ अँपिअरचा डबा अपुरा ठरतो. त्यापूर्वी मदरबोर्डच्या निर्मात्याच्या यादीत तो प्रोसेसर आहे काय हे पाहावे आणि त्याचा पंखाही सोबत घ्यावा.

थांबावे कोठे?

रॅम आणि एसएसडी एवढ्यावर ज्याचे भागते, त्याने तेथेच थांबावे. कार्ड आणि एसएमपीएसही घ्यावयाचे असतील तर ते पुढील यंत्रात जातील, या हिशेबाने घ्यावेत. मात्र येथेच राहणाऱ्या भागांचा खर्च वापरलेल्या आठव्या पिढीच्या कार्यालयीन संगणकाच्या किमतीच्या निम्म्यावर जाऊ लागला, की तो थांबवावा. २०१८ चा कोअर आय५-८५०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर असलेली अशी यंत्रे कार्यालयांतून बाहेर पडून जुन्या बाजारात येतात. त्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालते. आधी घेतलेले कार्ड व एसएसडी त्यांत बसविता येते. पेटी अरुंद असेल तर कमी उंचीचेच कार्ड बसेल आणि काही कंपन्यांच्या पेट्यांत बाहेरचा एसएमपीएस जोडता येत नाही, एवढे आधी पाहावे. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र रॅम व एसएसडी यांपलीकडे बहुधा काहीच बदलता येत नसल्याने हा सारा विचार तेथेच संपतो. २०२५ च्या अखेरीपासून नव्या रॅमच्या किमती जगभर चढल्या आहेत, हेही नव्याची घाई करणाऱ्यांनी हिशेबात धरावे.

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकास हीच रॅम-एसएसडीची सुधारणा लागू पडते, ग्राफिक्स कार्डाची तेथे गरज नाही. काढलेला प्रत्येक भाग हा जडवस्तू संग्रह नोंदवहीतील वस्तूचा अंश असतो. दुरुस्ती करणाऱ्याने तो परस्पर नेऊ नये आणि बसविलेल्या भागाचा अनुक्रमांक नोंदवून घ्यावा. निकामी झालेले भाग भंगारात देण्याऐवजी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे सोपवावेत. जुनी हार्ड डिस्क सुस्थितीत असेल तर ती दुसरी डिस्क म्हणून छायाचित्रे व पुस्तके साठविण्यासाठी त्याच पेटीत ठेवता येते. ती बाहेर द्यावयाची झाल्यास केवळ 'फॉरमॅट मारून' भागत नाही. तीवरील लाभार्थ्यांच्या याद्या आणि घरच्यांची कागदपत्रे पुन्हा वाचता येऊ नयेत यासाठी संपूर्ण डिस्कवर एकदा कोरी माहिती लिहून घ्यावी. ५०० जीबीच्या डिस्कला यासाठी काही तास लागतात. रात्री लावून ठेवल्यास सकाळपर्यंत काम होते.